मत गावाकडं, माणूस फडात

मा. संपादक, यांस
स. न. वि. वि.

मी अर्जनवीस आहे. लोकांचे अर्ज, निवेदनं, तक्रारी, प्रतिज्ञापत्रं लिहून देतो. चाळीस वर्षं झाली. आधी सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचो. पाच प्रती मागितल्या की कार्बननं बोटं निळी व्हायची. आता पत्र्याच्या टपरीत संगणक आहे, प्रिंटर आहे आणि चहावाल्याची उधारी तेवढी जुनीच आहे. कोल्हापूरनं काय काय मागितलं ते मला मोर्चात चालून नाही, टाइप करून माहीत आहे. टोल झाला, पंचगंगेचं पाणी झालं, हद्दवाढ तर अजून चालूच आहे (पाहिजे म्हणणारे सकाळी येतात, नको म्हणणारे दुपारी, गिऱ्हाईक दोन्ही माझंच). खंडपीठाची निवेदनं इतकी केली की 'सहा जिल्ह्यांतील पक्षकारांना' हे शब्द न बघता उमटायचे. १८ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, आणि तेही त्याच जुन्या कोर्टाच्या इमारतीत. त्या दिवशी ओळखीचे वकील पेढे घेऊन टपरीत आले होते. तेव्हा 'मागून काय मिळतंय' म्हणणाऱ्यांतला मी नाही, एवढं आधी सांगून ठेवतो.

पण ज्या ऊसतोड मजुरांसाठी हे पत्र लिहितोय त्यांना मोर्चा काढायची सोय नाही. त्यांचा दिवस पहाटे उसाच्या फडात सुरू होतो आणि गाडी भरून गेल्यावर संपतो.

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान. सकाळीच शिवाजी पेठेतल्या शाळेत मत टाकून मी दुपारी वडणग्याला मेव्हण्यांकडं गेलो. त्यांच्या उसाकडेला बीड जिल्ह्यातली एक टोळी उतरली होती. बारा कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या बारा जोड्या, शिवाय पोरंबाळं. गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून धरलेला, माणसं त्याआधीच येऊन पडलेली. तोडीची चिठ्ठी अजून हातात आली नव्हती. बायका खोप्यांवर ताडपत्री ओढत होत्या, पुरुष कोयत्यांना धार लावत होते. म्हणजे बघा, त्या दिवशी त्यांना कामसुद्धा नव्हतं. अख्ख्या महाराष्ट्राला मतदानाची सुट्टी होती आणि यांना न मागता मिळालेली सुट्टी होती. पण मत साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडं.

मी पाणी प्यायला थांबलो, तर एका बाईनं माझ्या बोटाकडं बघितलं. शाई ताजी होती. पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं मतदार ओळखपत्र काढून तिनं माझ्यापुढं धरलं आणि विचारलं, "दादा, हे इथं चालतं का?"

चालत नाही म्हणालो. तिनं कार्ड परत गुंडाळलं. राग नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "मागच्या ग्रामपंचायतीला गाडी आलती न्यायला. ह्या टायमाला आलीच नाही. आमची गरज नसंल पडली."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. गरज कुणाला, तर उमेदवाराला. मत बाईचं, आणि ते टाकायचं का नाही हे ठरवणार गाडी पाठवणारा! टोळीत बसून विचारलं तेव्हा सगळं नीट कळलं. ग्रामपंचायतीला चार मतांनी निकाल फिरतो, म्हणून गाड्या येतात. रात्री उचलायचं, सकाळी मत टाकायचं, संध्याकाळी परत फडाकडं. जेवण त्यांचं, डिझेल त्यांचं. मग त्या गाडीत बसलेल्या माणसानं आत जाऊन कुठलं बटण दाबायचं हे वेगळं सांगायला लागतं का? लोकसभा-विधानसभेला मतदारांची अशी फुकट ने-आण करायला उमेदवारानं गाडी भाड्यानं घेणं हा लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार आहे. कायदा बरोबरच आहे. पण ज्याला दुसरी वाटच ठेवली नाही, तो त्या गाडीत बसणार नाही तर काय करणार? स्वतःच्या खर्चानं जायचं तर जाता-येता दोन दिवस, जोडप्याचं एसटीचं भाडं, वर खाड्याचे पैसे मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, उचलीतून (आगाऊ दिलेल्या पैशांतून) कापणार ते वेगळे.

आता म्हणाल, मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायचा कायदा आहे की. आहे. त्याच कायद्यातलं कलम १३५ब. रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी द्यायची, असं त्यात लिहिलंय. मालकानं मोडलं तर दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. दंडाचं सोडून द्या, आधी ऊसतोड्याचा मालक कोण ते सांगा. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो मी मुकादमाला पैसे दिलेत. मुकादम म्हणतो मीच कर्जात आहे. मजुरी टनावर, त्यामुळं 'दिवसाची मजुरी' म्हणजे किती यावरच वाद घालता येईल. शिवाय एका दिवसाच्या सुट्टीत वडणग्याहून बीडला जाऊन मत टाकून परत येणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मला सुचलेलं सगळं आमच्या आत्यांच्या पलंगाशेजारी सुचलं. आत्या सत्त्याऐंशी वर्षांच्या, गुडघे गेलेले, माडीवरून खाली उतरत नाहीत. मे २०२४ च्या लोकसभेला त्यांनी घरून मतदानाचा १२ड अर्ज भरला होता. ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना ती सोय आहे. मतदानाच्या काही दिवस आधी सरकारी माणसं आमच्या गल्लीतला तो अंधारा जिना चढून वर आली. बरोबर पोलीस, बरोबर व्हिडिओवाला. पुठ्ठ्याचा आडोसा पलंगावर उभा केला, आत्यांनी खूण केली, मतपत्रिका छोट्या पाकिटात, छोटं पाकीट मोठ्या पाकिटात, डिंक, सही, झालं. आत्या नंतर आठ दिवस गल्लीला सांगत होत्या, "माझ्यासाठी सरकार जिना चढून आलं." एका म्हातारीच्या एका मतासाठी एवढी माणसं जिना चढतात याचा मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. पण तीच माणसं बांधावरून चालत बारा कोयत्यांपर्यंत का येऊ शकत नाहीत?

तहसीलचे एक निवृत्त गृहस्थ टपरीत येऊन बसतात, त्यांनी लगेच हरकत घेतली. म्हणाले, तुमच्या आत्यांचं मत इथल्याच मतदारसंघात होतं, यांचं दुसऱ्या जिल्ह्यात, दोन्ही एक कसं? हरकत रास्त आहे. पण दुसऱ्या मतदारसंघातली मतपत्रिका माणसापर्यंत पोचवायची रीत आपल्याकडं जुनीच आहे. सीमेवरच्या जवानाला त्याच्या गावची मतपत्रिका आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं जाते आणि तो ती पोस्टानं परत पाठवतो. आमच्या जिल्ह्यात पट्टीच्या पट्टी फौजेत आहे, त्यांना विचारा. घर सोडावं लागलेल्या काश्मिरी पंडितांसाठी दिल्ली, जम्मू आणि उधमपूरला खास मतदान केंद्रं असतात, तिथं बसून ते खोऱ्यातल्या आपल्या मतदारसंघाचं मत देतात. म्हणजे करता येतं. फक्त त्याच १९५१ च्या कायद्याच्या कलम ६० खाली टपाली मतदानाचे जे वर्ग अधिसूचित होतात त्यात 'हंगामी स्थलांतरित मजूर' हा आणखी एक वर्ग यायला हवा. ऊसतोड मजूर कोण, कुठल्या गावचे, याची यादी करायलाही नव्यानं सुरुवात करायला नको. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रं द्यायचं काम झालेलंच आहे.

यंत्राचं म्हणाल तर निवडणूक आयोगानं परगावच्या मतदारांसाठी दूरस्थ मतदानाचं यंत्र तयार केलं होतं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. १६ जानेवारी २०२३ ला पक्षांना दाखवायला बोलावलं, बऱ्याच पक्षांनी शंका काढल्या, आणि ते तिथंच राहिलं. त्या वादात मला पडायचं नाही. आमची मागणी कागदाची आहे. पाकिटात पाकीट, आत्यांसारखं.

'त्यांनी इथंच नाव नोंदवावं' हा सल्ला तर मला रोज मिळतो. देणारा बहुतेक वेळा बागायतदार असतो. अहो, नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. इथं नोंदवलं की गावाकडची ग्रामपंचायत गेली, आणि त्यांचं घरकुल, रेशन, टँकर सगळं त्या ग्रामपंचायतीत अडकलेलं. पाच महिन्यांच्या खोपीसाठी सात महिन्यांचं घर कोण सोडेल? कायदाही हेच म्हणतो, की तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचा सर्वसाधारण रहिवास संपत नाही. म्हणजे नाव गावात राहणार हे कायद्यानं मान्य केलं, माणूस गावात नसणार हे मात्र कुणी मोजलंच नाही.

आणि तारखा बघा. १८ डिसेंबर २०२२ ला राज्यातल्या ७ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींचं मतदान झालं, ऐन हंगामात. त्यांची पाच वर्षं पुन्हा ऐन हंगामातच भरतील. विधानसभेचंही तेच, २०२४ चा नोव्हेंबर गेला, आता २०२९ चा येईल. तेव्हा 'यंदा योग जुळला नाही' असं म्हणून चालणार नाही. हा योग दर पाच वर्षांनी ठरलेलाच आहे.

त्या हंगामात मी पहिला अर्ज केला. फी घेतली नाही, पण ऊस तोडणाऱ्यानं दिलेला गूळ घेतला. टोळीच्या सह्या घ्यायला रविवारी संध्याकाळी शाईचा पॅड घेऊन गेलो. निम्म्यांना सही येत होती. बाकीच्यांचे अंगठे. एका मावशींचा अंगठा तीनदा टेकवला तरी कागदावर नुसता निळा डाग, एक रेघ उमटेना. कोयत्याची मूठ धरून धरून अंगठा काचेसारखा गुळगुळीत झालेला. मावशी हसल्या, "रेशनच्या मशीनवर बी हेच होतंय." शेवटी करंगळीशेजारचं बोट घेतलं आणि खाली मी तसं लिहिलं.

तो कागद घेऊन आम्ही एका लोकप्रतिनिधींच्या संपर्क कार्यालयात गेलो. तिथल्या तरुण पोरानं पाणी दिलं, कागद वाचला, उलटसुलट केला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, हे आपले मतदार नाहीत ओ." खोटं नव्हतं. म्हणून तर कागद आणला होता! ज्यांना मत देता येत नाही त्यांनी मताचा हक्क मागायला जायचं, तर तिथं आधी मतदार कुठले ते बघतात. त्या पोराचा मला राग नाही. त्याला जे शिकवलंय ते तो करतो. पण कागद तिथं राहिला तो राहिलाच. मार्चअखेर पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळी गेली.

दोष माझाही होता, आणि तो धंद्यातला दोष आहे. आयुष्यभर मी 'निवेदन' टाइप केलं. निवेदन म्हणजे काय, तर पाच-दहा जणांनी साहेबांना कागद द्यायचा, सगळ्यांनी कागदाला बोट लावून फोटो काढायचा, दुय्यम प्रतीवर आवकचा शिक्का घ्यायचा. दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात. कोल्हापूरला निवेदनाचा फोटो म्हणजे लग्नाच्या फोटोसारखा, कोण पुढं उभा राहिला यावर भांडणं होतात. पण संसदेला करायचा तो 'विनंती अर्ज' वेगळा असतो, हे चाळीस वर्षांच्या अर्जनवीसाला साठीनंतर कळलं. लोकसभेची विनंती अर्ज समिती असते. आपल्या विधानसभेचीही आहे. सार्वजनिक हिताच्या प्रश्नावर कुणीही नागरिक सभागृहाला उद्देशून अर्ज करू शकतो. खासदारांनी सादर केला तर त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते, पण थेट लोकसभेच्या महासचिवांकडं पाठवला तरी चालतो. महासचिव तसं सभागृहाला कळवतात. म्हणजे त्या संपर्क कार्यालयाचा उंबरा झिजवायची गरजच नव्हती!

अटी आहेत आणि त्या वाचताना मला माझीच लाज वाटली. भाषा सभ्य आणि संयत हवी. माझ्या पहिल्या मसुद्यात 'सरकार झोपले आहे काय?' असं होतं. निवेदनात ते चालतं, किंबहुना गिऱ्हाईक तेच मागतं. खोडलं. अर्जाला दुसरी कागदपत्रं जोडायची नाहीत. मी मतदार कार्डांच्या चोवीस झेरॉक्स जोडल्या होत्या, काढल्या. मराठीत केला तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर, आणि त्यावरही सही. भाषांतर पेठेतल्या निवृत्त हिंदीच्या सरांनी करून दिलं. मी लिहिलं होतं, 'या टोळीतील बारा कोयते मतदानापासून वंचित राहिले.' सरांनी केलं, 'बारह हँसिये मतदान से वंचित रहे।' दिल्लीत वाचणारा म्हणाला असता, कोल्हापूरकर आता विळ्यांनाही मत मागायला लागले! दोघं हसून बेजार झालो. मग 'पति-पत्नी की बारह जोड़ियाँ' केलं. पण रात्री विचार केला, सरांची चूक नव्हती. आपणच माणसांना कोयते म्हणतो. मुकादमाच्या वहीत तसंच, कारखान्याच्या करारात तसंच, आणि माझ्या मसुद्यातसुद्धा.

यंदाच्या जानेवारीत, १५ तारखेला, आपण शहरातल्या लोकांनी महापालिकेचं मत टाकलं. आधीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती. पाच वर्षं गटार तुंबलं तरी कुणाच्या दारात जायचं कळत नव्हतं, प्रशासक एक आणि पेठा पन्नास. त्या काळात माझ्याकडं 'निवडणुका घ्या' म्हणून किती कागद टाइप झाले ते मला माहीत आहे. पाच वर्षं मत नव्हतं तर आपला जीव एवढा कासावीस झाला, मग फडातल्या माणसाचं दुखणं आपल्याला समजावून सांगायला लागू नये.

आणखी एक सांगतो. रत्नाप्पाण्णा कुंभार घटना समितीत होते. संस्थानात प्रजापरिषदेनं जबाबदार राज्यपद्धती मागितली, त्या लढ्यातून वर आलेला हा माणूस. प्रत्येक सज्ञान माणसाला मत देणारं कलम ३२६ ज्या राज्यघटनेत आहे, तिच्यावर त्यांची सही आहे. आणि इचलकरंजीचा पंचगंगा साखर कारखाना काढला तोही त्यांनीच. मताचं कलम आणि उसाची मोळी एकाच माणसाच्या हातून गेलेला हा जिल्हा आहे. म्हणून हा अर्ज बीडमधून नाही, कोल्हापुरातूनच जावा असं मला वाटतं. ऊस आपला, साखर आपली, त्यांची मतं बुडतात तीही आपल्याच बांधावर.

नवा अर्ज तयार आहे. मागण्या तीनच आहेत. हंगामी स्थलांतरित मजुरांना टपाली मताचा हक्क द्यावा आणि त्यासाठी ऊसपट्ट्यातल्या तालुक्यांच्या गावी मत घ्यायची सोय करावी. कलम १३५ब मध्ये टोळीचा मालक कोण हे स्पष्ट लिहावं आणि ५०० रुपयांचा दंड वाढवावा. ग्रामपंचायतींच्या निवडणुका हंगामात लावू नयेत ही तिसरी, पण ती राज्याच्या अखत्यारीतली, म्हणून तिचा वेगळा अर्ज विधानसभेकडं केलाय. वडणग्याला यंदा उतरलेल्या टोळीच्या सह्या झाल्या आहेत. त्यात ती बाई नाही, ती यंदा कर्नाटकातल्या कारखान्याला गेली म्हणे.

आता बागायतदारांच्या सह्या हव्या आहेत. तोडीच्या चिठ्ठ्या देणारे चिटबॉय, ट्रॅक्टरवाले, कारखान्याचे सभासद यांच्याही. मेव्हण्यांनी पहिली सही केली, पण आधी विचारलं, "ह्यात तोडीचा दर वाढवून द्या असं कुठं लिहिलं नाहीस न्हवं?" नाही लिहिलं. तो अर्ज वेगळा, त्याची फी घेईन.

कागद टपरीत ठेवलाय, सकाळी दहा ते सहा. पेन आहे, पॅडही आहे. पट्टा पडायच्या आत यावं, कारण टोळी गेली की पत्ते बदलतात आणि मला सगळं पुन्हा टाइप करायला लागतं.

आपला,
एक अर्जनवीस, शिवाजी पेठ, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)